दहापैकी सातच का? रुब्रिक लावून तपासताना नेमकं काय होतं

विद्यार्थ्याने वही पुढे करून "दहापैकी सातच का?" असं विचारलं, की भल्याभल्या शिक्षकांची पंचाईत होते. गणित असेल तर बोट ठेवून दाखवता येतं: इथे चिन्ह चुकलं, इथे एकक राहिलं. पण निबंध, प्रयोगाचा अहवाल, प्रकल्प किंवा सादरीकरण असेल तर उत्तर बहुतेक वेळा "अजून सविस्तर हवं होतं" किंवा "मांडणी सुधार" इथवरच पोचतं. हे खोटं नसतं, पण तीन गुण नेमके कुठे गेले हे त्यातून विद्यार्थ्याला कळत नाही. खरं सांगायचं तर शिक्षकालाही ते नीटसं माहीत नसतं. वाचता वाचता 'सात' हा आकडा मनात आलेला असतो आणि त्याची कारणं विचारणा झाल्यावर शोधली जातात.

रुब्रिक ही या क्रमाची उलटापालट आहे. कारणं आधी लिहून ठेवायची, आकडा मागाहून काढायचा. दिसायला हा साधा तक्ता असतो. डाव्या बाजूला निकष, म्हणजे आपण कामात काय काय बघणार आहोत ते. वरच्या ओळीत पातळ्या, बहुधा तीन ते पाच. आणि आतल्या प्रत्येक चौकटीत, त्या निकषावर त्या पातळीचं काम कसं दिसतं याचं वर्णन. तपासताना प्रत्येक ओळीत जी चौकट जुळेल तिच्यावर खूण करायची. तक्ता कोणीही आखतो. सगळी गोम आतल्या वर्णनांत आहे, आणि बहुतेक रुब्रिक फसतात तीही तिथेच.

एकच पेपर, भलतेच गुण

एवढा खटाटोप कशाला, अनुभवी शिक्षकाला वाचताच अंदाज येतो की, असं कोणी म्हणेल. अंदाज येतो हे खरंच आहे. अडचण अशी की दुसऱ्या अनुभवी शिक्षकाला वेगळा अंदाज येतो.

डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट या दोन अमेरिकन संशोधकांनी १९१२ साली याची रोकडी परीक्षाच घेतली. इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिकांच्या हुबेहूब प्रती त्यांनी अनेक शाळांना पाठवल्या आणि तिथल्या इंग्रजीच्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. एकूण १४२ शिक्षकांचे गुण हाती आले. शंभरपैकी गुण द्यायचे होते. एका उत्तरपत्रिकेला ६४ पासून ९८ पर्यंत गुण पडले, दुसरीला ५० पासून ९७ पर्यंत. म्हणजे तोच मुलगा एका शाळेत जेमतेम आणि दुसरीत पहिल्या ओळीतला. यावर साहजिकच आक्षेप आला की भाषा विषयच असा, तिथे आवडीनिवडी आल्याच. तेव्हा पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली. तिच्या गुणांतली तफावत इंग्रजीपेक्षाही मोठी निघाली. कोणी फक्त अंतिम उत्तर बघत होतं, कोणी पायऱ्यांना गुण देत होतं, कोणी आकृती नीटनेटकी नाही म्हणून कापत होतं.

१९६१ साली एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेत पॉल डीडरिक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी यापुढचा प्रश्न विचारला: परीक्षक नेमके कशावरून वेगळे पडतात? कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे ३०० निबंध त्यांनी ५३ वाचकांना दिले. त्यांत भाषेचे, समाजशास्त्रांचे आणि विज्ञानाचे प्राध्यापक होते, तसेच लेखक-संपादक, वकील आणि उद्योगातले अधिकारीही होते. निकष मुद्दाम दिले नव्हते. गुणवत्तेनुसार नऊ गठ्ठे करा, एवढीच सूचना. ९४ टक्के निबंध निरनिराळ्या वाचकांच्या हातून किमान सात वेगवेगळ्या गठ्ठ्यांत गेले. पाचपेक्षा कमी गठ्ठ्यांत फिरलेला असा एकही निबंध नव्हता.

मला या अभ्यासाचा पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. आकड्यांचं विश्लेषण केल्यावर वाचकांचे पाच गट दिसले. एक गट विचारांना महत्त्व देत होता. एकाची नजर मांडणीवर आणि मुद्द्यांच्या जुळणीवर होती. एक व्याकरणाच्या आणि विरामचिन्हांच्या चुकांनी अडखळत होता. एकाला नेमके शब्द आणि वाक्प्रयोग भावत होते, आणि उरलेल्यांना लिहिणाऱ्याची शैली, त्याचा स्वतःचा आवाज. म्हणजे कोणीही मनमानी करत नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या निकषाशी प्रामाणिक होता, फक्त तो निकष त्याने कोणाला सांगितला नव्हता, बहुधा स्वतःलाही नाही. रुब्रिकचं पहिलं काम इथून सुरू होतं: 'चांगलं' म्हणताना आपण काय बघतो ते कागदावर उतरवणं.

परीक्षकापरीक्षकांतल्या फरकाखेरीज, एकाच माणसाच्या तपासणीतही गडबडी होतात. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० साली सैन्यातल्या अधिकाऱ्यांचे शेरे तपासले, तेव्हा असं दिसलं की एखाद्याबद्दल एका बाबतीत चांगलं मत असलं की बुद्धी, शिस्त, नेतृत्व अशा सगळ्याच रकान्यांत त्याला वरचे गुण पडतात. याला त्याने 'हेलो इफेक्ट' असं नाव दिलं. वर्गात हे रोज घडतं. अक्षर वळणदार असलं की युक्तिवादही पटतो. हुशार म्हणून ठाऊक असलेल्या मुलीच्या वहीतलं तुटक वाक्य 'मोजकं' वाटतं आणि मागच्या बाकावरच्या मुलाचं तेच वाक्य 'अपुरं'. शिवाय गठ्ठ्यातली पहिली वही आणि शेवटची वही तपासणारे आपण सारखे नसतो. पाठोपाठ तीन सुमार अहवाल वाचले की चौथा साधासा अहवालही उजळ दिसतो.

चौकटीत काय लिहायचं

उदाहरण घेऊन पाहू. विद्यार्थ्यांना असाइनमेंट दिली आहे: लंबकाची लांबी बदलली तर त्याच्या दोलनकालात, म्हणजे एका आंदोलनाला लागणाऱ्या वेळात, काय फरक पडतो, हे प्रयोग करून पाहा आणि अहवाल लिहा. पुष्कळ ठिकाणी यासाठी असं रुब्रिक दिसतं: 'निरीक्षणे' या निकषापुढे उत्कृष्ट, चांगली, समाधानकारक, असमाधानकारक. हे रुब्रिक नव्हेच. चार, तीन, दोन, एक या आकड्यांना दिलेली ती टोपणनावं आहेत. 'उत्कृष्ट निरीक्षणे' म्हणजे काय, हा मूळ प्रश्न होता तिथेच राहिला, आणि दोन शिक्षक त्याचे दोन अर्थ लावायला मोकळे राहिले.

आता तीच ओळ कामाचं वर्णन करून लिहू. सगळ्यात वरच्या पातळीच्या चौकटीत: निरनिराळ्या लांब्या घेतल्या, प्रत्येक वेळी बरीच आंदोलनं मोजून एकूण वेळेला आंदोलनांच्या संख्येने भागलं, मोजमाप पुन्हा करून पाहिलं आणि दोन वेळांत आलेला फरक अहवालात नोंदवला. तिच्या खालच्या चौकटीत: बरीच आंदोलनं मोजून भागलं, पण प्रत्येक लांबीला एकदाच. त्याखाली: एकेकाच आंदोलनाचा वेळ मोजला. आणि शेवटच्या चौकटीत: आकडे आहेत, ते कसे मिळवले हे कळत नाही.

एकच आंदोलन मोजणं खालच्या पातळीवर का ठेवलं? २५ सेंटिमीटर लांबीच्या लंबकाचं एक आंदोलन साधारण एका सेकंदात होतं. स्टॉपवॉचचं बटण दाबायला माणसाला ०.२ सेकंदाच्या आसपास उशीर होतो. एकच आंदोलन मोजलं तर ही चूक २० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. २० आंदोलनं मोजून भागलं तर तीच चूक एका टक्क्यावर येते. म्हणजे या दोन चौकटींमधला फरक शिक्षकाच्या मर्जीचा नाही, तो विषयातून आलेला आहे. चांगल्या रुब्रिकची माझी कसोटी हीच: दोन शेजारच्या चौकटी घ्याव्या आणि विचारावं, वरची का वरची? उत्तर विषयाच्या भाषेत देता आलं पाहिजे. 'वरच्यात जास्त आहे' असं उत्तर निघालं तर ती ओळ पुन्हा लिहायला हवी.

निष्कर्षाची ओळ लिहिताना आणखी एक पेच येतो. लांबी चौपट केली की दोलनकाल दुप्पट होतो, हे पुस्तकात दिलेलं असतं. वरची चौकट 'योग्य निष्कर्ष काढला' अशी लिहिली, तर ज्याने प्रयोग न करता सूत्र उतरवलं तो तिथे जाऊन बसतो. आणि ज्याचे आकडे सूत्राशी जुळले नाहीत, पण ज्याने ते न दडवता लिहिले आणि दोरा कुठून कुठवर मोजायचा यात घोळ झाला असावा असा तर्कही केला, तो खाली राहतो. विज्ञान शिकवणाऱ्याला हे उलटं हवं असणार. तेव्हा वरची चौकट अशी हवी: निष्कर्ष स्वतःच्या आकड्यांतून निघतो, आकडे अपेक्षेशी जुळले नसतील तर तसं लिहिलं आहे आणि संभाव्य कारण दिलं आहे. 'पुस्तकातलं सूत्र लिहिलं, स्वतःच्या आकड्यांशी जोडलं नाही' ही त्याच्या दोन पायऱ्या खालची चौकट. शब्द थोडेसेच बदलले, पण मुलांना आपण कशाचं बक्षीस देतो ते पार बदललं.

निकष किती असावेत? चार-पाच पुरे. दहा निकषांचा तक्ता दिसायला भारदस्त असतो, पण तो लावता लावता शिक्षक दमतो आणि शेवटच्या चार ओळींत डोळे मिटून खुणा करतो. शिवाय निकष वाढले की ते एकमेकांवर चढतात. 'मांडणी', 'सुसंगती' आणि 'स्पष्टता' हे तीन वेगळे ठेवले तर एकाच विस्कळीत परिच्छेदासाठी विद्यार्थी तीनदा गुण गमावतो. पातळ्यांच्या बाबतीत काही जण मुद्दाम सम संख्या घेतात, चार किंवा सहा, कारण पाच असल्या की शंका आली रे आली की हात मधल्या चौकटीकडे जातो. हा उपाय बरा आहे, पण त्यावर फार विसंबू नये. वर्णनं ढिसाळ असतील तर चारांतही आपण तीनवरच घुटमळतो.

मोजायला सोपं ते मोजण्याचा मोहसुद्धा आवरावा लागतो. 'किमान तीन उदाहरणे', 'पाच संदर्भ', 'दोनपेक्षा कमी शुद्धलेखनाच्या चुका'. अशा चौकटी तपासायला सुटसुटीत असतात आणि वाद होत नाहीत. पण मुलं चतुर असतात. तीन उदाहरणं मागितली की बरोब्बर तीन येतात, तिसरं ओढूनताणून आणलेलं. उदाहरण मुद्द्याला पुढे नेतं की नुसतं सजावटीला आहे, हे विचारणारी चौकट लिहायला अवघड असते. मला विचाराल तर वेळ तिथेच घालवावा. हल्ली एआयला सांगून मिनिटभरात रुब्रिक तयार करून घेता येतं. कच्चा आराखडा म्हणून हरकत नाही, पण ते हातात आल्यावर 'सखोल', 'प्रभावी', 'पुरेसे' अशा शब्दांखाली आधी रेघा माराव्यात. अशा प्रत्येक शब्दाच्या जागी, वहीत डोळ्यांना काय दिसेल ते लिहायचं बाकी असतं.

कोऱ्या कागदापुढे बसून रुब्रिक लिहिण्यापेक्षा गेल्या वर्षीच्या वह्या समोर घेणं कितीतरी सोपं. आठ-दहा वह्या वाचायच्या, गुण न देता चांगल्या, मधल्या, कच्च्या असे तीन ढीग करायचे, आणि मग प्रत्येक ढिगातल्या वह्यांत सारखं काय आहे ते लिहायचं. जे शब्द सुचतात तीच तुमची वर्णनं. यात एक फायदा असा की खालच्या पातळ्या 'नाही, नाही, नाही' अशा नकारांनी भरत नाहीत. कच्च्या वहीतही काहीतरी केलेलं असतं; ते काय आहे, हे लिहिता येतं.

सगळ्यांना एकच साचा नाही

आतापर्यंत जे पाहिलं त्याला विश्लेषणात्मक रुब्रिक म्हणतात: प्रत्येक निकष सुटा तपासायचा. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखन असंच तपासतात. दिलेलं काम पुरं केलं का, मजकुरात सुसंगती आहे का, शब्दसंपत्ती कशी आहे आणि व्याकरणाचा आवाका व अचूकता किती, असे चार निकष, चौघांना सारखं वजन.

दुसरा प्रकार समग्र रुब्रिकचा. यात निकष सुटे करत नाहीत; प्रत्येक पातळीसाठी संपूर्ण कामाचं एकच वर्णन असतं आणि परीक्षक सगळं वाचून एकच श्रेणी देतो. हजारो निबंध थोड्या वेळात तपासायचे असतील, आणि प्रत्येकाला सविस्तर शेरा द्यायचा नसेल, तिथे हे सोयीचं. विद्यार्थ्याला मात्र त्यातून 'तू चौथ्या पातळीवर आहेस' यापलीकडे फारसं कळत नाही.

तिसरा प्रकार कमी वापरला जातो, पण कच्च्या मसुद्यांसाठी मला तोच सर्वांत आवडतो. यात मधली एकच पातळी लिहिलेली असते: अपेक्षित काम कसं असेल. तिच्या डावीकडे आणि उजवीकडे जागा कोरी. कुठे कमी पडलं ते डावीकडे हाताने लिहायचं, कुठे अपेक्षेपेक्षा पुढे गेलं ते उजवीकडे. लिहिणं जास्त पडतं हे खरं, पण मुलाने कल्पनेपलीकडचं काही केलं तर ते मांडायला जागा असते. आखीव तक्त्यात ती नसते.

आणि काही कामांना रुब्रिक लागतच नाही. पाढे, स्पेलिंग, एका शब्दात उत्तरं, नकाशात जागा दाखवणं, इथे उत्तरसूची पुरते. तिथे रुब्रिक आखणं म्हणजे नसती उठाठेव.

खुणांचे गुण करताना

इथे भल्या रुब्रिकची माती होते, आणि याकडे फारसं कोणी बघत नाही. समजा चार निकष आहेत, प्रत्येकाला चार पातळ्या. सगळ्यांची सवय अशी की खुणांची बेरीज करायची, १६ने भागायचं आणि टक्के काढायचे. आता तिसऱ्या पातळीचं नाव 'अपेक्षेप्रमाणे' ठेवलं असेल, तर सगळ्या निकषांवर अपेक्षेप्रमाणे काम करणाऱ्याला १६पैकी १२ मिळतात, म्हणजे ७५ टक्के. तुमच्या वर्गात 'जे शिकवलं ते नीट केलं' याचे ७५च टक्के होतात का? होत असतील तर ठीक. नसतील, तर तक्ता एक सांगतो आणि गुणपत्रक दुसरंच. खालच्या टोकालाही असंच आहे: सगळीकडे पहिली पातळी, म्हणजे जेमतेम काहीतरी लिहिलेलं, आणि तरी पदरात २५ टक्के.

यावर उपाय सोपा आहे. पातळ्यांचे गुण सारख्या अंतराने असलेच पाहिजेत असं कुठे लिहिलेलं नाही. दहा गुणांच्या निकषाला वरपासून १०, ८, ६, ३ असे गुण ठेवता येतात. कोणत्या पातळीला किती, हे तपासायला बसण्याआधी ठरवायचं आणि मुलांनाही सांगायचं. वजनाचंही तेच. पाच निकष सारख्या वजनाचे धरले आणि त्यांतला एक 'मुखपृष्ठ व नीटनेटकेपणा' असला, तर एकूण गुणांपैकी पाचवा हिस्सा त्याला गेला. प्रयोगाच्या मोजमापाइतकाच. असं कोणी जाणूनबुजून ठरवत नाही, तक्ता ते परस्पर ठरवून टाकतो.

दोघांचं जुळतं का

एकाच असाइनमेंटच्या वह्या दोन-तीन शिक्षक वाटून तपासणार असतील, तर नुसतं रुब्रिक हाती देऊन भागत नाही. अँडर्स योनसन आणि गुनिला स्विंगबी यांनी २००७ साली रुब्रिकवरच्या ७५ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांचा निष्कर्ष असा की रुब्रिकमुळे गुणदानातला सारखेपणा वाढू शकतो, विशेषतः रुब्रिक विश्लेषणात्मक आणि त्या विषयापुरतं नेमकं असेल, आणि सोबत नमुन्याच्या वह्या किंवा परीक्षकांचं प्रशिक्षण असेल तेव्हा. सोबतच्या गोष्टींवर इथे जोर आहे. 'निष्कर्ष स्वतःच्या आकड्यांतून निघतो' हे वाक्य दोघांनी वाचलं तरी, कुठपर्यंत त्याला 'निघतो' म्हणायचं हे एकत्र बसून पाच वह्या तपासल्याशिवाय ठरत नाही. पाचही जणू काही आधी पाहिल्याच नाहीत अशा रीतीने प्रत्येकाने वेगळ्या तपासाव्यात, मग खुणा समोरासमोर ठेवाव्यात. जिथे जुळत नाही तिथे भांडावं. त्या भांडणातून निघालेली स्पष्टीकरणं चौकटीत लिहून टाकावीत.

जुळणी मोजायची असेल तर नुसत्या टक्केवारीवर जाऊ नये. समजा दोघं शिक्षक दहातल्या आठ वह्यांना 'चांगलं' म्हणतात आणि दोन वह्यांना 'कच्चं'. वह्या न वाचता, नुसत्या सवयीने त्याच प्रमाणात खुणा केल्या, तरी त्यांचं सरासरी ६८ टक्के वेळा जुळेल: ०.८ गुणिले ०.८ म्हणजे ०.६४, अधिक ०.२ गुणिले ०.२ म्हणजे ०.०४. तेव्हा 'आमचं ८० टक्के जुळतं' हे ऐकायला छान असलं तरी त्यातला बराच भाग योगायोगाचा असतो. जेकब कोहेन यांनी १९६० साली याच्यासाठी 'कॅपा' हे माप दिलं: योगायोगाने जेवढं जुळलं असतं ते वजा करून, उरलेल्या जागेपैकी किती जुळलं ते बघायचं. वरच्या उदाहरणात ८० वजा ६८ म्हणजे १२, आणि उरलेली जागा १०० वजा ६८ म्हणजे ३२. बाराला बत्तीसने भागलं की ०.३७५. ऐंशी टक्क्यांची ऐट एकदम उतरते.

एकट्याने तपासत असाल तरी दोन सवयी उपयोगी पडतात. नावं झाकून तपासणं ही एक. दुसरी अशी: एक वही घेऊन चारही निकष तपासण्याऐवजी, आधी सगळ्या वह्यांचं 'मापन' तपासायचं, मग सगळ्यांचा 'निष्कर्ष'. पानं जास्त उलटावी लागतात, पण एका निकषावरचं मत दुसऱ्यावर सांडत नाही. दर फेरीला गठ्ठ्याचा क्रमही बदलावा.

मुलांच्या हाती कधी द्यायचं

काम तपासून झाल्यावर हाती पडलेलं रुब्रिक हे फक्त निकालपत्र असतं. काम देतानाच ते दिलं तर शिकण्याचं साधन होतं. त्यातही नुसता कागद वाटून उपयोग कमी. 'निष्कर्ष आकड्यांतून निघतो' याचा अर्थ ज्याला आधीच कळतो त्यालाच ते वाक्य कळतं. म्हणून गेल्या वर्षीचे दोन-तीन अहवाल, नावं काढून, मुलांना द्यावेत आणि त्यांनाच रुब्रिक लावायला सांगावं. एक गट दोनवर आणि दुसरा चारवर खूण करतो, मग दोघांना आपापली बाजू मांडायला लावायची. ऑस्ट्रेलियन शिक्षणतज्ज्ञ रॉइस सॅडलर यांनी १९८९ सालीच मांडलं होतं की सुधारणा व्हायची तर दर्जा म्हणजे काय हे शिक्षकाइतकंच विद्यार्थ्यालाही उमगायला हवं, आणि काम चालू असतानाच त्याला आपलं काम त्या दर्जाशी ताडून बघता यायला हवं.

तपासलेलं परत देताना आकडा कुठे लिहायचा, यालाही महत्त्व आहे. रूथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही मुलांना फक्त शेरे दिले, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. फक्त शेरे मिळालेल्यांची पुढची कामगिरी आणि गोडी टिकली, वाढली. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्यांचा तसा फायदा झाला नाही, जणू गुण दिसले आणि शेरे वाचायचे राहिले. रुब्रिकच्या बाबतीत यातून निघणारी युक्ती सरळ आहे: खुणा केलेला तक्ता आज द्या, एका निकषावरची चौकट एक पायरी वर न्यायला सांगा, आणि गुण ते झाल्यावर.

जे तक्त्यात मावत नाही

रुब्रिकवर टीका करणारेही आहेत आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. अमेरिकन लेखक अल्फी कोन यांनी २००६ साली लिहिलं की सगळ्यांनी एकाच साच्यात तपासलं तर लिहिणारेही साच्याला धरूनच लिहू लागतात. सॅडलर यांचा २००९ सालचा आक्षेप आणखी मुळावर जातो. कामाचा दर्जा म्हणजे निकषांची बेरीज नव्हे, असं ते म्हणतात. प्रत्येक चौकट भरलेली आणि तरीही निर्जीव असा निबंध कोणी वाचलेला नाही? आणि दोन निकषांवर घसरलेला, पण वाचून झाल्यावर दिवसभर डोक्यात राहणारा? तपासणाऱ्याला एकूण कामाबद्दल जे वाटतं आणि बेरीज जे सांगते, त्यांत फारकत पडते तेव्हा बहुतेक जण गुपचूप एखादी खूण वर सरकवतात. त्याने गुण बरोबर येत असतील, पण तक्ता खोटा पडतो.

यावर एक वेगळी वाट तुलनेची आहे. लुई थर्स्टन यांच्या १९२७ सालच्या सिद्धांतावर ती उभी आहे. परीक्षकापुढे दोन निबंध ठेवायचे आणि एवढंच विचारायचं: यातला सरस कोणता? अनेक परीक्षकांनी अशा अनेक जोड्या ठरवल्या की त्यातून सगळ्या निबंधांची क्रमवारी गणिताने काढता येते. माणसाला 'हा ६८चा की ७२चा' हे सांगण्यापेक्षा 'हा त्याच्याहून बरा' हे सांगणं सोपं जातं, हा त्यामागचा विचार. क्रमवारी चांगली लागते. पण विद्यार्थी विचारायला आला, दहापैकी सातच का, तर त्या क्रमवारीपाशी उत्तर नसतं, आणि म्हणून रोजच्या वर्गात तरी मी रुब्रिकच्याच बाजूने आहे.

फारकत पडली तर मी सुचवीन ते असं: खूण सरकवू नका. तक्त्याखाली दोन ओळींची जागा ठेवा आणि त्या वहीत रुब्रिकला न दिसलेलं काय आहे ते तिथे लिहा. त्यासाठी थोडे गुण राखून ठेवायचे असतील तर काम देतानाच तसं जाहीर करा. गठ्ठा संपल्यावर त्या सगळ्या नोंदी एकत्र वाचा. तीच गोष्ट चार वह्यांत लिहावी लागली असेल, तर ती अपवाद राहिलेली नाही, पुढच्या वेळी तिला स्वतंत्र ओळ हवी. उलट ज्या चौकटीत एकही वही पडली नाही, ती बहुधा कोणी करणारच नाही असं काहीतरी सांगते आहे. ती पुन्हा लिहावी. हे बदल पुढच्या असाइनमेंटसाठी. चालू गठ्ठ्यात, अर्ध्यावर, एखाद्या चौकटीचा अर्थ बदलावाच लागला, तर आधी तपासलेल्या वह्यांची तेवढी ओळ नव्या अर्थाने पुन्हा तपासायची.